अडतिसावं मत

गणपतीच्या जेवणाची ताटं मोजून निवडणुकीला उभा राहणारा माणूस अख्ख्या न्यू जर्सीत एकच निघाला असता, आणि तो नेमका सरलाच्या नशिबी आला होता.

पुरुषोत्तम दिघे. वय त्रेपन्न, मूळचा नागपूरचा, पेशाने इंजिनियर, पिस्कॅटवे गावात राहून सतरा वर्षं झालेली. मागच्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, शाळेच्या कॅफेटेरियात मराठी मंडळाचा गणपती बसला तेव्हा मागवलेली चारशे दहा ताटं संपली आणि शेवटच्या पंधराजणांनी पेपर नॅपकिनवर मसालेभात खाल्ला. पुरुषोत्तमने तो आकडा मनात ठेवला. पुढे जानेवारीत त्याला उभं राहायची हुक्की आली तेव्हा तो सरलाला म्हणाला, "मागच्या प्रायमरीत निवडून आला त्याला सव्वातीनशे मतं होती. आपली ताटंच चारशे आहेत!" त्या ताटांतली शेजारच्या एडिसन गावची किती, प्लेनफिल्डची किती, आपल्या वॉर्डातली किती, असले क्षुद्र प्रश्न त्याला पडले नाहीत.

प्रायमरी म्हणजे पक्षाच्या आतलीच लढाई. टाउन कौन्सिलसाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे मतदार जूनमध्ये ठरवतात. म्हणजे, ठरवतात असं म्हणायचं. खरं तर ते पक्षाचा स्थानिक अध्यक्ष डॉनेली आधीच ठरवून ठेवतो आणि मतदार त्यावर मान डोलावतात. डॉनेलीची सगळी माणसं मतदानयंत्रावर डावीकडे एका रकान्यात. पुरुषोत्तमचं नाव सगळ्यात उजवीकडे, एकटं.

सरलाने त्याला अडवलं नाही, आणि त्याला कारण होतं. ताटं संपली त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली होती. कंपनीने एका दिवसात दोनशे माणसं कमी केली, त्यात तो. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत पुरुषोत्तम बेसमेंटमधल्या तपकिरी खुर्चीत बसून होता. समोर टीव्ही, तोही बंद. सरला जेवायला हाक मारी तेव्हा तो "आलो" म्हणे आणि येत नसे. एकदा ती खाली गेली तर तो भिंतीकडे बघत होता आणि त्याच्या मांडीवर कार्यालयाचं जुनं ओळखपत्र होतं. 

मग एके दिवशी त्र्यंबककाकांना गाडीचा आरसा घासून गेला. काका एकाहत्तर वर्षांचे, विधुर, मुलाकडे राहणारे. रोज सकाळी फिरायला जात, आणि त्यांच्या रस्त्याला फुटपाथ नसल्यामुळे गाड्यांच्या बरोबरीने चालत. कोपर सुजलं, बाकी काही नाही. पण पुरुषोत्तम त्यांना घेऊन कौन्सिलच्या मीटिंगला गेला, फुटपाथ मागायला. तिथे त्याला बोलायला तीन मिनिटं मिळाली. कौन्सिलच्या अध्यक्षाने त्याचं नाव तीन प्रकारे उच्चारून पाहिलं, तिन्ही चुकले, लोक हसले, आणि घंटा वाजली. घरी आला तो लालबुंद होऊन. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर रक्त दिसलं. "मीच उभा राहतो," तो म्हणाला, आणि सरलाने देवाला हात जोडले. नवरा हरेल हे तिला तेव्हाच दिसत होतं. पण हरायलाही माणसाला खुर्चीतून उठावं लागतं.

आता मे संपत आला होता, आणि सगळी गाडी सरलाच्या फोनवर येऊन अडकली होती.

मंडळाच्या डिरेक्टरीत वॉर्डातली बासष्ट मराठी घरं निघाली. प्रत्येक घरी फोन करून मत कुणाला आहे ते विचारायचं आणि नावापुढे खूण करायची, हे काम तिच्याकडे होतं. तीन आठवडे ती स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनला चिकटून होती आणि रोज तेच ऐकत होती.

"अगं, आम्ही सिटिझन कुठे आहोत?" कांचन म्हणाली होती. कांचन म्हणजे मंडळाची खजिनदार, प्रचाराच्या प्रत्येक जेवणाला सगळ्यात आधी हजर. "आमचं ग्रीन कार्डच आहे अजून. अतुल म्हणतो, नेक्स्ट इयर परत जायचंच आहे, मग कशाला तो पेपरवर्क?"

"किती वर्षं झाली गं तुम्हाला येऊन?"

"चौदा," कांचन म्हणाली आणि स्वतःच हसली. "पण आमचा सपोर्ट फुल आहे हं! जेवणाला काही करून आणू का? कोथिंबीरवड्या?"

सपोर्ट सगळ्यांचाच फुल होता. आधी पोटोबा, मग विठोबा म्हणतात. इथे विठोबाची पाळीच येत नव्हती. पुढच्या वर्षी परत जाणाऱ्या माणसांनी चार बेडरूमची घरं घेतली होती, तळघरं सजवली होती, मुलांच्या दातांना तारा बसवल्या होत्या, पण मतदार म्हणून नाव नोंदवायला मात्र त्यांना फुरसत नव्हती. बासष्ट घरांत मिळून मत असलेली माणसं निघाली सदतीस.

सदतिसांत त्र्यंबककाका होते. फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मी सिटिझनची शपथ कधीच घेऊन बसलोय पोरी. साहेबाने शंभर प्रश्नांची यादी दिली, मी दीडशे पाठ करून गेलो. फक्त एवढं सांग, खटका कुठला ओढायचा?"

"सगळ्यात उजवीकडचा रकाना, काका. बाकी सगळे डावीकडे एकत्र आहेत, हे एकटेच तिकडे आहेत."

"वाळीत टाकल्यासारखे?"

"हो, तसंच."

"मग सापडेल. वाळीत टाकलेला माणूस लांबून दिसतो." आणि मग ते हळूच म्हणाले, "छत्रीची मूठ ओढून प्रॅक्टिस करतोय रोज. नाहीतर तिथे हात थरथरायचा."

सरलाने त्यांच्या नावापुढे खूण केली होती. आणि द अक्षरावर आली तेव्हा 'दिघे, पुरुषोत्तम व सरला' या ओळीपुढे तिने झटकन दोन खुणा केल्या होत्या आणि पान उलटलं होतं.

त्यातली एक खूण खोटी होती. सदतिसांत ती तिने धरली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी सिटिझनशिपसाठी दोघांनी बरोबर अर्ज केला. पुरुषोत्तमला शपथेला जूनमध्ये बोलावलं, तिला ऑक्टोबरात. ती एकटीच ट्रेनने न्यूअर्कच्या कोर्टात गेली, कारण त्या दिवशी त्याला महत्त्वाची मीटिंग होती. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली, आणि तिला वडील आठवले. वडील गेले तेव्हा ती नागपूरला पोचली चौथ्या दिवशी; त्यांचं तोंडही दिसलं नाही. आता आई अंथरुणाला खिळली होती. परका पासपोर्ट घेतला की आपल्याच गावी जायला कुणाच्या तरी कचेरीत व्हिसाचा शिक्का मागत उभं राहायचं, आणि तोवर आई थांबणार थोडीच? आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली, आणि उलट्या दिशेला चालत स्टेशनवर गेली.

सांगायचंच होतं तिला. पण वाटेत इंडियन ग्रोसरीत शिरली, आणि तिथे काचेत पेढे दिसले. घरी दारातच पुरुषोत्तम उभा, तोंडभर हसत: "झालं?" तिने पेढ्यांचा पुडा पुढे केला. तोंडाने ती खोटं बोलली नाही, पेढे बोलले. दोन वर्षांनी आई गेली तेव्हा ती चार तास आधी पोचली होती. आईने तिला ओळखलं, गालावरून हात फिरवला. त्या चार तासांची किंमत तिने आनंदाने मोजली असती. पण मोजायची कुणाकडे? तोवर पेढे शिळे झाले होते, आणि शिळं खोटं सांगायला ताज्यापेक्षा दसपट छाती लागते.

रविवारी दुपारी डॉनेली स्वतः घरी आला. मोठा गोड माणूस. दोन चकल्या खाल्ल्या, रेसिपी विचारली, आणि मग म्हणाला की पुरुषोत्तमने माघार घेतल्याचं आणि पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा दिल्याचं दोन ओळींचं पत्र गावच्या साप्ताहिकाला द्यावं. बदल्यात झोनिंग बोर्डावर, म्हणजे बांधकामाच्या परवानग्या देणाऱ्या समितीवर, एक जागा आहे. फुटपाथचं पुढच्या वर्षी बघू. सोमवारी संध्याकाळी सहाला तो फोन करील.

तो गेल्यावर पुरुषोत्तम बराच वेळ टेबलावरचा चकलीचा चुरा बोटाने गोळा करत बसला.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं."

"तुझा आकडा झाला का पुरा?"

"चारपाच घरं राहिलीत," सरला म्हणाली. राहिलं कुणीच नव्हतं.

"मग असं करू. शंभर असतील तर लढतो. शंभराच्या खाली असतील तर गप बोर्डावर जाऊन बसतो. उद्या सहाच्या आत तू आकडा सांग. तुझ्या आकड्यावर माझा भरवसा आहे."

सरलाला रात्रभर झोप नाही. सदतीस म्हणावं, तर तो पत्र लिहील आणि परत त्या तपकिरी खुर्चीत जाऊन बसेल. आणि यावेळी उठेल याची तिला खात्री नव्हती. खोटंच एकशेचार म्हणावं, तर तीन जूनला गावासमोर नाक कापलं जाईल. आणि त्या दिवशी सकाळी तो म्हणेल, चल, आपण दोघं बरोबर जाऊन मत देऊ. मग? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिला तर मधली वाटही खचलेली दिसत होती. खरं म्हणजे त्याने माघार घ्यावी असंच तिच्या मनातला एक कोपरा ओरडत होता. माघार घेतली की मतदान नाही, मतदान नाही की भांडं फुटायचं नाही. आणि आपण हे नवऱ्यासाठी मागतोय की आपल्या खोट्यासाठी, हे तिचं तिलाच कळेना. तिला स्वतःची किळस आली.

सोमवारी सकाळी पुरुषोत्तम पत्रकं घेऊन दारोदार निघाला. जाताना म्हणाला, "दुपारून आणखी शंभर लागतील. खाली खोक्यात आहेत, वर काढून ठेव."

सरला बेसमेंटमध्ये गेली. पत्रकांचं खोकं तपकिरी खुर्चीमागे होतं. ते ओढलं तर त्याच्याखालून कॉम्प्युटरच्या घडीच्या कागदांचा एक जाड गठ्ठा सरकून बाहेर आला. वर काउंटीच्या कचेरीचा शिक्का, आणि मार्चची तारीख. वॉर्डातल्या मतदारांची यादी होती ती. रस्त्यारस्त्याने, घराघराने छापलेली. मराठी नावांखाली लाल शाईने रेघा मारलेल्या. शेवटच्या पानावर पुरुषोत्तमच्या नेटक्या अक्षरात बेरीज: सदतीस.

तिला आधी अर्थच लागेना. तीन आठवडे ती जो आकडा गोळा करत होती, तो या माणसाकडे मार्चपासून होता!

आणि मग तिच्या लक्षात आलं. यादी घराघराने होती. तिने पानं उलटली, आपला रस्ता काढला, आपल्या घराचा नंबर काढला. तिथे एकच नाव छापलेलं होतं. पुरुषोत्तम दिघे. दिव्याखाली अंधार.

त्या छापील नावाखाली, दोन ओळींच्या मधल्या अरुंद जागेत, पेन्सिलने बारीक मराठी अक्षरात लिहिलं होतं: सरला. आणि पानाच्या कडेला, त्याच पेन्सिलने, ३८.

सरला खाली बसली, खुर्चीत नाही, जमिनीवरच. तिला रडू आलं ते लाजेने की कशाने, ते सांगणं अवघड आहे. तो मार्चपासून जाणून होता. तिच्या हातचं जेवत होता, तिच्याशी हसत होता, तिला यादी देऊन फोनवर बसवत होता, आणि एक शब्द बोलला नव्हता. त्याने रागाने भांडं आपटलं असतं तर ती सुटली असती. या पेन्सिलीच्या तीन अक्षरांतून सुटका नव्हती.

पुरुषोत्तम परतला तेव्हा साडेपाच झाले होते. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून त्याने एक बूट काढला, एक मोजा काढला. टाचेला फोड आला होता. त्याकडे बघतच त्याने विचारलं, "किती झाले?"

सरला ओट्याला पाठ टेकून उभी होती. "अडतीस," ती म्हणाली.

दुसऱ्या बुटाकडे गेलेला त्याचा हात तिथेच थांबला. 

"खाली गेली होतीस," तो म्हणाला.

"तुम्हीच पाठवलंत."

"खोक्याखाली यादी आहे हे विसरलोच होतो मी." मग तो मान हलवून म्हणाला, "नाही. विसरलो नव्हतो."

"मला विचारलं का नाहीत?" सरलाचा आवाज फाटला. "तीन महिने! मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. चार शिव्या तरी द्यायच्या होत्यात."

"काय विचारू? पेढे आणले होतेस तू. मी ऑफिसात वाटले होते त्यातले." त्याने मोजा गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला. "आधी फार राग आला. मग तुझी आई गेली ती तारीख काढली, तुझं विमान काढलं, व्हिसाला एक दिवसही गेला नव्हता, आणि कळलं मला. मग वाटलं, तू सांगशील. यादी हातात दिली, दिघेपाशी येशील तेव्हा तरी सांगशील. तू दोन खुणा केल्यास."

"मग मलाही मोजलंत कशाला? सदतीस मतं घेऊन हरायचं ते अडतीस घेऊन हराल, एवढंच ना?"

"दारोदार जाऊन परक्या माणसांकडे मत मागतो मी, सरला. काही दारं तोंडावर लावतात. एकाने आज कुत्रं सोडलं. आणि घरात बघावं, तर..."  त्याने डोळे मिटून घेतले, आणि त्रेपन्न वर्षांचा तो माणूस एक पाय अनवाणी आणि एक पाय बुटात असा बसून हुंदका गिळत राहिला. "तेवढं एक तरी हवं होतं मला. म्हणून लिहिलं."

सरला पुढे झाली, त्याच्यासमोर फरशीवर बसली, आणि त्याचा फोड आलेला पाय मांडीवर घेतला.   दोघंही तशीच बसून होती तेवढ्यात फोन वाजला. घड्याळात सहाला दोन मिनिटं होती. डॉनेली वेळेचा पक्का होता.

पुरुषोत्तम उठला नाही. फोन वाजत राहिला.

"घ्या ना," सरला म्हणाली.

"तू घे. तूच सांग."

"मी काय सांगू?"

"राहतो की सोडतो, ते. तुला तिथे मत नाही," तो म्हणाला. "इथे आहे. दे."

सरला भिंतीशी जाऊन उभी राहिली. पाचवी घंटा, सहावी. सोडा म्हटलं तर सगळं मिटणार होतं. झोनिंग बोर्ड, दर महिन्याला एक मीटिंग, नावाची पाटी, आणि तपकिरी खुर्ची. राहा म्हटलं तर आठ दिवसांनी सपशेल हार, तीही छापून येणारी. तिला त्र्यंबककाकांची छत्री आठवली. आपल्या माणसाला पहिल्यांदा मत द्यायला निघालेली ती सगळी माणसं उजवीकडच्या रकान्यात जाऊन खटका ओढणार, आणि ज्याच्यासाठी ओढणार तो आधीच उठून गेलेला. तिने रिसीव्हर उचलला.

तिचं इंग्रजी दुकानापुरतं आणि शेजारापुरतं होतं. ती नेमकी चार वाक्यं बोलली. माझा नवरा घरी आहे. तो माघार घेत नाही. तुम्हाला चकली आवडली, थँक यू. रेसिपी पाठवते. आणि फोन ठेवून दिला. वायर भिंतीवर आपटत राहिली.

"काय म्हणाला?" पुरुषोत्तमने विचारलं.

"म्हणाला, तुम्हाला शंभरही पडणार नाहीत."

"चाळीसही पडणार नाहीत," पुरुषोत्तम म्हणाला, आणि मोजा परत पायात घालू लागला. मेमधला उजेड आठपर्यंत टिकणार होता. त्र्यंबककाकांच्या रस्त्याची एक बाजू राहिली होती.

सरलाने टाचेला लावायला पट्टी आणून दिली आणि पदर खोचला. "मी येते," ती म्हणाली.

आजवर ती एकाही दारात गेली नव्हती. स्वयंपाक करीन, फोन करीन, पण परक्याच्या दारात उभी राहायची नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. का, ते त्याला आता नव्याने सांगायची गरज नव्हती. त्याने निम्मी पत्रकं तिच्या हातात दिली.

रस्त्याच्या डावीकडे तो, उजवीकडे ती. पहिल्याच घराची बेल वाजवली तर एक म्हातारी गोरी बाई दारात आली, हातात भांडी पुसायचा कपडा, कपाळावर आठ्या. सरलाने पत्रक पुढे केलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. बाईने चष्मा वर करून फोटो पाहिला, रस्त्यापलीकडे लंगडत चाललेल्या माणसाकडे पाहिलं.

"तुझा नवरा का?"

"हो."

"बरा आहे का माणूस?" म्हातारीने विचारलं. "तू देणार आहेस त्याला मत?"

पाच वर्षं सरला या प्रश्नाला वळसा घालून चालली होती. तिने पलीकडे पाहिलं. पुरुषोत्तम एका बंद दारासमोर, कुणी उघडेल या आशेने, अजून उभा होता.

"नाही," सरला म्हणाली. "मला मत नाही. मी या देशाची सिटिझन नाही." तिने पलीकडे बोट दाखवलं. "म्हणून तर तुमच्याकडे मागायला आलेय."